पिकअपची सजावट, फेरबदल आणि निगा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलेरो पिकअप, टाटा एस, इंट्रा, दोस्त किंवा योद्धा यांसारखी गाडी घेऊन भाजीपाला, कांदा, दूध, मासळी, फुले किंवा घरसामान वाहणाऱ्या महाराष्ट्रातील मालकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. २००५ साली टाटा एस बाजारात आली, ‘छोटा हत्ती’ या नावाने गावोगाव ओळखली जाऊ लागली आणि मोठा ट्रक ज्याला कधीच परवडला नसता असा माणूसही मालवाहू गाडीचा मालक झाला. असा मालक बहुतेक वेळा स्वतःच चालक असतो, गाडीचा हप्ता तिच्याच भाड्यातून फेडतो, आणि तरीही पहिला दसरा येईपर्यंत तिच्यावर रेडियम, गोंडे आणि मनासारखे नाव चढलेच पाहिजे असा आग्रह धरतो. हा आग्रह योग्य आहे. जी गाडी घर चालवते तिला सजवण्यात गैर काहीच नाही. मात्र कोणता बदल गाडीला साजतो, कोणता तिच्या जिवावर उठतो आणि कोणता पासिंगच्या, म्हणजे फिटनेस प्रमाणपत्राच्या तपासणीच्या, वेळी अडतो, हे मिस्त्रीला पैसे देण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे.

नव्या गाडीवर खर्चाची सुरुवात कुठून करावी?

हप्ते सुरू झाल्यावर हाताशी उरणारी रक्कम थोडी असते आणि ती एकदाच खर्च होते, म्हणून तिचा क्रम ठरवून घेणे आवश्यक आहे. माझ्या मते पहिला खर्च हौद्यातील (माल ठेवायच्या मागच्या भागातील) जाड रबरी मॅट, चांगली ताडपत्री, दोर आणि गाडीच्या पोटाखालचा गंजरोधक लेप यांवर व्हावा, कारण क्रेट आणि गोण्या ओढताना हौद्याचा रंग लवकर खरवडला जातो आणि एकदा उघडा पडलेला पत्रा पुढच्या पावसाळ्याची वाट पाहत नाही. दुसरा खर्च चालकाच्या आसनावर व्हावा. नारायणगावहून टोमॅटो भरून रात्री निघणारा आणि पहाटे वाशीच्या बाजार समितीत पोहोचणारा माणूस ज्या आसनावर बसतो, त्याच्या कमरेला नीट आधार मिळणे ही चैन नाही. त्यानंतर उरलेल्या पैशांतून दर्शनी सजावट मनासारखी करावी.

गाडीत बदल करण्यास कायद्याने पूर्ण मनाई आहे का?

पूर्ण मनाई नाही, पण मर्यादा स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात दिलेला आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील एका निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा दंड गाडीमागे नसून प्रत्येक बदलामागे आहे, हे विशेष लक्षात ठेवावे.

व्यवहारात सोपी कसोटी अशी की, आरसी बुक समोर घेऊन बसावे. त्यात रंग, इंधन, आसनक्षमता, बॉडीचा प्रकार, व्हीलबेस, रिकाम्या गाडीचे वजन आणि मालासह एकूण वजन या नोंदी असतात. आपला बदल यांपैकी एखाद्या नोंदीला हात लावत असेल, तर आधी आरटीओकडे जावे आणि मग गॅरेजकडे. सीट कव्हर, पायाखालच्या मॅट, नाव, चित्र, तोरण, गोंडे यांचा या नोंदींशी संबंध येत नाही. सीएनजी किट मात्र इंधनाची नोंद बदलते, म्हणून ते मान्यताप्राप्त केंद्रातूनच बसवून आरसीवर चढवावे लागते आणि त्याच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते.

मागे एक-दोन पाटे (लीफ स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवले तर गाडी जास्त माल उचलेल का?

या विषयातील सर्वाधिक विचारला जाणारा आणि सर्वाधिक चुकीची उत्तरे मिळणारा प्रश्न हाच आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

पाटा वाढवल्याने गाडीची मागची बाजू कमी बसते, एवढेच घडते. गाडीची क्षमता ही चासी, मागचा एक्सल, व्हील बेअरिंग, टायर आणि ब्रेक या सर्वांची मिळून ठरलेली असते आणि पाटा यांपैकी एकालाही बळ देत नाही. उलट पूर्वी गाडी खाली बसली की मालकाला वजन जास्त झाल्याचे डोळ्यांनी दिसत असे. पाटे वाढवल्यावर ती खूण नाहीशी होते आणि तोच जास्तीचा भार एक्सल व चासी निमूटपणे सोसत राहतात. चासीला तडा बहुतेक वेळा पाट्याच्या हँगरजवळ किंवा केबिनच्या मागे जातो, आणि तो दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

याहून गंभीर बाब ब्रेकची आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलजवळ एक लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चासी आणि एक्सल यांमधील अंतरावरून गाडी रिकामी आहे की भरलेली, हे तो ओळखतो आणि त्या प्रमाणात मागच्या ब्रेकला दाब सोडतो. पाटे वाढवल्यावर गाडी भरलेली असतानाही हे अंतर मोठेच राहते, त्यामुळे व्हॉल्व्ह गाडी रिकामी असल्याप्रमाणे वागतो आणि मागच्या चाकांना कमी ब्रेक देतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. कसारा, माळशेज किंवा कुंभार्ली घाट उतरताना हीच गोष्ट जिवावर बेतते, कारण उतारावर ब्रेकमध्ये निर्माण होणारी उष्णता वजनाच्या प्रमाणात वाढत जाते, आणि ब्रेकचे लायनर तापून गुळगुळीत झाले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. घाट खालच्या गिअरमध्ये उतरण्याची जुन्या चालकांची शिस्त अशा गाडीत अपुरी पडते.

मालाचाही विचार करावा. द्राक्षे, टोमॅटो आणि स्ट्रॉबेरी हे धक्क्याने खराब होणारे जिन्नस आहेत. ताठ पाट्यांची गाडी अर्धी भरलेली असताना अशी आदळते की तळाच्या क्रेटमधील माल बाजारात पोहोचेपर्यंत दबतो, आणि भाव पडल्यावर शेतकरी पुढच्या वेळी दुसऱ्या गाडीला बोलावतो. पाट्यांवर वाचवलेली एक फेरी अशा रीतीने महाग पडते.

पाटा मोडला किंवा त्याची कमान बसली असेल तर तो बदलणे योग्यच आहे. तो दोन्ही बाजूंना एकाच वेळी आणि कंपनीने सांगितलेल्या जाडीचा व कमानीचा बदलावा, यू-बोल्ट नवे घ्यावेत आणि काहीशे किलोमीटर गाडी चालल्यावर ते पुन्हा आवळून घ्यावेत. काही मालक पाट्यांवर जुने काळे ऑइल मारतात. त्याने करकर काही दिवस थांबते हे खरे, पण त्यावर धूळ बसून कानसीसारखी घासत राहते आणि रबरी बुश फुगून निकामी होतात.

जास्त भारासाठी नेमका किती दंड आहे?

कलम १९४ नुसार मूळ दंड २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आहे. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नाहीत, आणि उतरवण्याचा खर्चही मालकावरच पडतो. रात्री महामार्गाच्या कडेला अर्धा माल उतरवून दुसरी गाडी शोधण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला दंडापेक्षा हेच अधिक आठवते.

हौद्याला जाळी बसवून किंवा फाळके (हौद्याच्या कडेचे पत्रे) उंच करून घेता येतील का?

कोंबड्यांचे पिंजरे, चारा किंवा भाजीचे क्रेट उंच रचता यावेत म्हणून लोखंडी पाइपांचा सांगाडा बसवण्याची पद्धत सर्वत्र आहे. कायमचा जोडलेला सांगाडा ही बॉडीतील सुधारणा ठरते आणि तिची नोंद नसल्यास पासिंगला अडचण येते. ज्यांना बंद किंवा जाळीची बॉडी हवी आहे त्यांनी गाडी घेतानाच हौद्याशिवायची चासी-केबिन घेऊन मान्यताप्राप्त बॉडी बिल्डरकडून बॉडी बांधून घ्यावी आणि तशीच नोंदणी करावी. नंतरच्या खटपटीपेक्षा हा मार्ग स्वस्त पडतो. सांगाड्याचे स्वतःचे वजनही मालाच्या वजनातून वजा होते, याचा हिशेब फार थोडे मालक करतात. माल बाजूने, मागे किंवा उंचीने ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्यास कलम १९४ मध्येच २०,००० रुपयांचा वेगळा दंड आहे.

हौद्यात बाकडी बसवून वऱ्हाडी, मजूर किंवा दिंडीतील मंडळी नेण्याचा प्रश्नही विचारला जातो. मालवाहू गाडीत अशी माणसे नेऊ नयेत. हौद्यात पट्टा नसतो, छत नसते, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाईबाबत आक्षेप घेऊ शकते.

मोठे किंवा रुंद टायर बसवावेत का?

दिसण्यासाठी बसवू नयेत. मालवाहू टायरवर त्याची भारक्षमता आणि प्लाय रेटिंग छापलेले असते. कारचा रुंद टायर भारदस्त दिसला तरी तेवढा भार सहन करील असे नाही. मापाने मोठा टायर बसवल्यास स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, चढावर गाडीची ओढ कमी होते आणि पूर्ण वळणावर टायर मडगार्डला घासतो. हवा नेहमी टायर थंड असताना तपासावी. दुपारी घाट चढून आल्यावर हवा जास्त दिसते म्हणून ती सोडून दिली, तर टायर थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेवर भार वाहत राहतो, बाजूने तापतो आणि फुटतो. रिमोल्ड (जुन्यावर नवे रबर चढवलेला) टायर वापरायचाच असल्यास तो पुढच्या चाकांना कधीही लावू नये.

पुढे लोखंडी गार्ड लावल्याने गाडी सुरक्षित होते का?

गार्ड सुरक्षिततेची खात्री देतो असे दिसते, परंतु अपघातात चेपून आघात शोषून घेणे हे पुढच्या भागाचे काम असते. गार्ड तो आघात थेट चासीच्या टोकांवर नेतो, आणि समोर पादचारी किंवा दुचाकीस्वार असल्यास त्याला होणारी इजा वाढवतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड कलम ५२ चे उल्लंघन ठरतात हे कळवले आहे. पिकअपमध्ये केबिनचे नाक आखूड असते आणि चालकाचे गुडघे काचेपासून फार दूर नसतात, म्हणून हा मुद्दा येथे कारपेक्षाही अधिक लागू पडतो.

जादा दिवे, एलईडी पट्ट्या आणि वायरिंग यांबाबत काय काळजी घ्यावी?

गाडीच्या पुढे लाल दिवा दिसता कामा नये आणि मागे लाल सोडून इतर रंगाचा दिवा दिसता कामा नये, हा मूळ नियम आहे. मागे नंबर प्लेटचा आणि रिव्हर्सचा पांढरा दिवा यांसारखे अपवाद नियमातच दिलेले आहेत. लाल-निळे लुकलुकणारे दिवे रुग्णवाहिका आणि पोलिसांसारख्या आपत्कालीन वाहनांसाठी आहेत. हौद्याच्या कडेने फिरणारी रंगीत पट्टी मिरवणुकीत छान दिसते, पण अंधाऱ्या रस्त्यावर मागून येणाऱ्याला तिच्यामुळे ब्रेकचा आणि इंडिकेटरचा दिवा ओळखता येत नाही.

पुढच्या दिव्यांत बहुतेक गाड्यांना ६०/५५ वॉटचा हॅलोजन बल्ब असतो. त्या जागी १००/९० वॉटचा बल्ब टाकल्यास स्विच आणि वायर तापतात, होल्डर वितळतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर अंधारी येते. उजेड कमी वाटत असेल तर आधी काच आणि रिफ्लेक्टर तपासावा, अर्थिंग साफ करावे आणि दिव्याची दिशा जुळवून घ्यावी. माल भरल्यावर गाडी मागे बसते आणि दिव्याचा झोत वर जातो, म्हणून दिशा जुळवण्याची कळ असल्यास ती माल भरल्यावर वापरण्याची सवय लावावी. ज्यांच्याकडे ही कळ आहे त्यांतील अनेकांना ती कशासाठी आहे हे कुणी सांगितलेलेच नसते.

जोडणी कोणतीही असो, ती स्वतंत्र फ्यूज आणि रिलेवरून घ्यावी. मूळ वायरची साल काढून तिला दुसरी वायर गुंडाळणे आणि वर चिकटपट्टी लावणे हे गाडी पेटण्याचे एक प्रमुख कारण आहे, आणि असे काम झालेल्या भागाची वॉरंटीही नाकारली जाते.

हॉर्न आणि साउंड सिस्टिमचे काय?

अनेक सुरांत वाजणारा किंवा कर्कश हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११९ नुसार चालत नाही. केबिनमधील संगीताला हरकत नाही, फक्त मागच्याचा हॉर्न ऐकू येईल इतकाच आवाज असावा. हौद्यावर स्पीकरची भिंत उभी करणाऱ्यांनी एवढे जाणून घ्यावे की, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकास सर्वसाधारणपणे बंदी असते, आणि त्या भिंतीचे व जनरेटरचे वजन गाडीच्या बरेच वर चढत असल्याने वळणावर ती कलंडण्याचा धोका वाढतो.

रंग, नावे आणि चित्रे यांवर काही बंधने आहेत का?

संपूर्ण गाडीचा रंग बदलायचा असल्यास आरसीवर नोंद करून घ्यावी. लष्करी वाहनांचा ऑलिव्ह ग्रीन रंग खासगी गाडीला देता येत नाही, नियम १२१ मध्ये तो संरक्षण दलांसाठी राखून ठेवलेला आहे. मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी ३० एप्रिल २०१५ रोजी मनाई केली, कारण त्यातून विनाकारण हॉर्न वाजवण्यास उत्तेजन मिळते. काचांवर काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंदी घातली आहे. पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, म्हणून पुढच्या काचेवरील नावाची पट्टी जितकी अरुंद तितकी बरी.

याखेरीज मोकळीक पुष्कळ आहे आणि तिचा उपयोग मनापासून करावा. ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’, ‘माउली’, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’, मुलांची नावे, गावच्या ग्रामदैवताचे नाव, बैलजोडीचे चित्र हे सारे पिकअपवर शोभून दिसते, आणि बाजार समितीच्या आवारात एकाच रंगाच्या गाड्यांच्या रांगेत आपली गाडी दुरून ओळखण्यासाठी त्याचा उपयोगही होतो. मला आग्रहाने एक सांगायचे आहे : शक्य असेल तिथे हे काम हाताने अक्षरे काढणाऱ्या रंगाऱ्याकडून करून घ्यावे. संगणकावर कापलेले रेडियम तासाभरात लागते आणि स्वस्त असते, पण उन्हाने त्याच्या कडा सुटतात आणि धुताना पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ते उचलले जाते. चांगल्या इनॅमल रंगात, नीट घासलेल्या पत्र्यावर काढलेले अक्षर जास्त टिकते आणि खराब झाले तर तेवढेच दुरुस्त करता येते. उकार-वेलांटीचे वळण साधणारा, फाळक्याच्या लांबीत ओळ मोजून बसवणारा कारागीर आता प्रत्येक तालुक्याला मिळत नाही. जे अजून काम करत आहेत त्यांना काम मिळत राहिले तरच त्यांच्या हाताखाली कुणी शिकेल.

परावर्तक पट्ट्यांवर मात्र काहीही लिहू किंवा रंगवू नये. पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल अशी त्यांची रचना असते आणि त्या एआयएस-०९० या मानकाच्या असाव्यात. बाजारात मिळणारी साधी चमकदार पट्टी दिवसा तशीच दिसते, परंतु रात्री लांबून उजळत नाही. उसाच्या ट्रॉल्यांवर मागून आदळून होणारे अपघात साखर पट्ट्यातील प्रत्येकाला माहीत आहेत. रस्त्याकडेला बंद पडलेल्या पिकअपलाही तोच धोका असतो.

नंबर प्लेटवर आवडीची अक्षररचना चालते का?

चालत नाही. ८०५५ ला ‘बॉस’ किंवा ४१४१ ला ‘दादा’ असे वळण देण्याचे दिवस संपले आहेत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवूनच मिळते आणि त्यापूर्वीच्या गाड्यांनाही राज्यात ती बंधनकारक करण्यात आली आहे. मालवाहू पिकअपची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात.

केबिनमध्ये देवघर, गोंडे आणि झालर लावताना काय पाहावे?

मूर्ती लहान असावी आणि पक्की चिकटवलेली असावी, कारण ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरील प्रत्येक सुटी वस्तू काचेकडे किंवा चालकाकडे झेपावते. आरशाला लटकणारे गोंडे आणि काचेवरची झालर डाव्या बाजूने येणारी दुचाकी नेमकी झाकतात. स्टीअरिंगचे सैल कव्हर आणि पेडलखाली सरकणारी मॅट या दोन स्वस्त वस्तूंनी मोठे अपघात घडू शकतात. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला बांधलेले झेंडूचे तोरण दुसऱ्या दिवशी ग्रिलवरून काढून टाकावे, कारण सुकलेली फुले रेडिएटरच्या जाळीत अडकून हवा रोखतात.

गंज कसा टाळावा? गाडी धुताना काय लक्षात ठेवावे?

ससून डॉक, हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणहून मासळी नेणाऱ्यांनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. बर्फाचे खारट पाणी हौद्याच्या सांध्यांतून खाली उतरते आणि चासीच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या पाइपांवर आणि पाट्यांच्या थरांमध्ये साचते. म्हणून प्रत्येक खेपेनंतर त्याच दिवशी गोड्या पाण्याने हौदा आणि गाडीचे पोट धुणे हा एकमेव खरा उपाय आहे. आठवड्यातून एकदा शाम्पू लावून केबिन चमकवणे आणि पोटाखाली न पाहणे ही नेहमीची चूक आहे. रासायनिक खताचे सांडलेले कण हवेतील ओल शोषून पत्रा खातात, म्हणून खत उतरवल्यावर हौदा आधी कोरडा झाडावा आणि मग धुवावा. कांद्याची साले आणि भाजीचा पाला कोपऱ्यांतील निचऱ्याची छिद्रे बुजवतात. गंजरोधक लेप लावताना ही छिद्रे बंद झाली नाहीत ना, हे स्वतः वाकून पाहावे, कारण बुजलेल्या छिद्रामुळे लेपाच्या आतच पाणी अडते. रबरी मॅट महिन्यातून एकदा उचलून खालचा पत्रा वाळू द्यावा.

जोरदार फवारा अल्टरनेटर, वायरचे कनेक्टर आणि चाकांच्या हबवर थेट मारू नये, आणि धुलाईनंतर ग्रीस भरण्याच्या तोंडांत (निपलमध्ये) ग्रीस भरून घ्यावे. पत्रा खरवडला असेल तर पावसाळ्याआधी तो घासून, प्राइमर लावून रंगवावा. गंजावर तसाच रंग मारल्यास तो आतून पसरत राहतो.

बदलांची माहिती विमा कंपनीला द्यावी लागते का?

होय. किमती साउंड सिस्टिम, जादा दिवे किंवा बांधून घेतलेली बॉडी यांची किंमत पॉलिसीत स्वतंत्रपणे नोंदवून हप्ता भरल्यासच त्यांची भरपाई मिळते. न कळवलेला आणि अपघाताशी संबंध जोडता येईल असा फेरफार सापडल्यास दावा कमी होऊ शकतो किंवा फेटाळला जाऊ शकतो.

पासिंग किती वर्षांनी करावी लागते?

नव्या मालवाहू गाडीला पहिली दोन वर्षे, त्यानंतर आठ वर्षे वयापर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. पासिंगच्या आदल्या दिवशी गार्ड, हॉर्न आणि दिवे उतरवून दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवण्याचा उद्योग अनेक ठिकाणी चालतो. त्यात प्रत्येक वेळी बोल्टची छिद्रे सैल होतात, वायरचे जोड उघडे पडतात आणि मजुरी दोनदा जाते.

फेरबदल केलेली जुनी पिकअप घेताना काय तपासावे?

सजावट पाहण्यापूर्वी गाडीखाली उतरावे. चासीवर वेल्डिंगचा ताजा डाग किंवा एखाद्याच भागावर नवा काळा रंग दिसल्यास तिथे तडा गेला होता असे समजावे. दोन्ही बाजूंचे पाटे मोजावे. त्यांची संख्या वेगळी असेल किंवा वरच्या पाट्यांपेक्षा एखादा नवा दिसत असेल, तर ही गाडी जादा भाराखाली राबली आहे. लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची दांडी तारेने बांधून ठेवलेली नाही ना, हे पाहावे. चासी क्रमांक आरसीशी जुळवावा, रंगाची आणि बॉडीची नोंद वाचावी, आणि शक्य असल्यास गाडी रिकामी न चालवता थोडा माल भरून घाटउताराच्या रस्त्यावर चालवून पाहावी.